दुधी काचेवरची डावी खिडकी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी कुठेही सांगतो, तेव्हा इथेही आधी सांगून टाकतो. वडील लासलगावला कांद्याच्या गोण्या मालगाडीत चढवायचे, आईला सही येत नव्हती. मी नाशिकला एका खोलीत चौघांत राहून बी.ए. झालो आणि पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागलो. निकाल लागला तेव्हा वडिलांनी मार्कशीट दोन्ही हातांत धरून फलाटावरच्या सगळ्या हमालांना दाखवून आणली. परत दिली तेव्हा तिच्या दोन्ही कडांना घामाचे अंगठे उमटले होते. ती मी तशीच ठेवली आहे.

दुसरी गोष्ट सांगायला जरा जड जातं. मला आगीची भीती वाटते. थोडीथोडकी नाही. स्टोव्ह पेटवायचा तर मी काडी लांब धरतो आणि तोंड दुसरीकडे करतो. बायको हसते. तिला वाटतं मी नाटक करतो.

ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या वस्तीत आग लागली होती. वस्ती गावाबाहेर आणि विहीर गावात. घागरी येईपर्यंत आमच्या ओळीतली छपरं एकेक करून खाली बसली. मी बाभळीखाली धाकट्या बहिणीचा हात धरून उभा होतो आणि मला मान वळवता येईना. माणसं सगळी वाचली. पण ती आग मला आभाळाएवढी दिसली आणि त्या मापाची आठवण कायमची अंगात राहिली. त्यानंतर आई शेतावर निघताना चुलीवर तांब्याभर पाणी ओतायची, दाराशी जायची, परत यायची आणि राखेत हात घालून बघायची. मीही तिच्या मागे हात घालून बघायचो.

असा माणूस आगीचे फोटो काढायला का धावायचा, हे आता सांगतो.

कॉलेजात माझा एक मित्र होता. त्याने शिक्षण अर्धवट सोडलं आणि मेन रोडजवळच्या बोळात वडिलांचा फोटो स्टुडिओ सांभाळायला लागला. त्याला आगीचं वेड होतं. गावात कुठे धूर दिसला की गिऱ्हाईक स्टुलावर बसलेलं सोडून हा सायकलवर. एकदा एका कापडाच्या दुकानाला आग लागली, तेव्हा मी नेमका स्टुडिओत बसलो होतो. त्याने मला ओढत नेलं आणि दुसरा कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "घाबरू नकोस, नुसता धर," म्हणाला.

तो कॅमेरा दोन डोळ्यांचा, चौकोनी डब्यासारखा. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि खाली बघायचं. झाकणाच्या आत, तळाला दुधी काच असते, तिच्यावर समोरचं चित्र उमटतं. मला समोर बघवत नव्हतं म्हणून मी खाली बघितलं. आणि काय सांगू, तिथे आग बिस्किटाएवढी होती. धग चेहऱ्याला लागत होती, लाकडं तडतडत होती, बायका रडत होत्या, पण माझ्या दोन हातांच्या मध्ये आग एवढीशी. मी पहिल्याच दिवशी रोलमधले बाराच्या बारा फोटो काढले आणि मित्र म्हणाला, "अरे, तुझा हात तर माझ्यापेक्षा स्थिर आहे!"

स्थिर असणारच. मी आग बघतच नव्हतो, काच बघत होतो.

त्या काचेची एक खोड मात्र सांगायला हवी. तिच्यावर चित्र उभं सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलटं. डावीकडून येणारी बैलगाडी काचेवर उजवीकडून येते. पहिल्या आठवड्यात मित्राने मला हे दहा वेळा शिकवलं. माणूस चौकटीतून निसटायला लागला की कॅमेरा मनाला वाटतं त्याच्या विरुद्ध बाजूला वळवायचा. चार वर्षांत ते माझ्या हातात इतकं बसलं होतं की विचारही करावा लागत नसे. हात आपोआप वळायचे. फक्त हात. तोंडाला कुणी ती सवय लावली नव्हती.

मित्राच्या वडिलांना आमचा हा उद्योग बिलकूल पसंत नव्हता.

"ज्या कॅमेऱ्याने लोकांच्या मुलींची लग्नं काढायची, त्यानेच आगी काढता? उद्या एखाद्या नवरीच्या पदराला लागलं म्हणजे?"

"बाबा, नवरीला फ्लॅश लागतो, आग नाही लागत."

"तू गप. आणि हा तुझा बी.ए.! शिकून हे शिकला का?"

मी खाली मान घालायचो, पण आतून मला बरं वाटायचं. बी.ए. म्हणून कुणी शिवी दिली तरी मला बरंच वाटायचं.

आगीजवळ उभं राहण्याची मुभा मात्र आम्हाला याच बी.ए.ने मिळवून दिली. नगरपालिकेच्या बंबावर एक तांडेल होते. फायरमनांच्या टोळीचा जो म्होरक्या, त्याला तांडेल म्हणतात. सिन्नरच्या बाजूचे, पन्नाशीला आलेले, अंगाने किरकोळ. आवाज मात्र असा, की बंबाची घंटा नसती तरी चाललं असतं. प्रौढांच्या वर्गाला जाऊन सही करायला शिकले होते आणि ती सही ते कुठेही करून दाखवायचे. बाकी लिहिणं जमत नव्हतं. सुरुवातीला आम्ही दिसलो की ओरडायचे, "आले बघा आगलावे! अजून धड पेटली नाय, तवर हे हजर!" मग एकदा अग्निशमन केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर मी त्यांच्या एका माणसाचा रजेचा अर्ज लिहून दिला. तो साहेबाने पहिल्याच वेळेला मंजूर केला. झालं. त्यानंतर बदलीचे अर्ज, पोरांच्या फी माफीचे अर्ज, सासऱ्याच्या जमिनीचे अर्ज, सगळे माझ्याकडे. तांडेल मला नावाने हाक मारत नसत.

"ए ग्रॅज्वेट, हितं ये. ह्याचं लिही. असं लिही का साहेबाला पाझर फुटला पायजे."

"तांडेल, पाझर फुटण्यासारखं कारण तर सांगा."

"कारण मी कशाला सांगू? शिकलेला तू हायस ना?"

अशी आमची ओळख वाढली. आगीवर गेलो की ते पोलीस शिपायाला सांगायचे, "ह्या दोघांना राहू द्या, आपली माणसं हायेत." मला त्या वाक्याचा फार अभिमान होता. फायरमनांना वाटायचं हा कारकून लय धीट. आग कितीही भडकली तरी मान खाली घालून आपलं काम करतो. मी कुणालाच खरं सांगितलं नाही.

ऐंशी-एक्क्याऐंशीचा उन्हाळा असेल. मे महिन्यातली दुपार. मित्र एका लग्नाचे फोटो काढायला सिन्नरला गेला होता, जाताना दुसरा कॅमेरा माझ्याकडे ठेवून. ऑफिसात जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि रस्त्यावरून घंटा घणघणत गेली. मी हेडक्लार्कला सांगितलं, पोटात कळ आली. ते म्हणाले, "तुमच्या पोटाचं आणि त्या घंटेचं काहीतरी आहे." मी सायकल काढली.

होळकर पूल ओलांडेपर्यंत धूर दिसायला लागला. पंचवटीत, बाजाराच्या मागच्या एका गल्लीत बारदानाचं गोदाम होतं. बारदान म्हणजे रिकामी गोणपाटं. कांद्याच्या हंगामासाठी त्यांच्या छपरापर्यंत थप्प्या रचलेल्या असतात. गोणपाट लाकडासारखं भडकत नाही. ते आतल्या आत धुमसतं आणि असा पिवळट, जाड धूर सोडतं की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. गोदाम लांबट, वर लाकडी माळा. माळ्याला गल्लीच्या बाजूने दोन खिडक्या, दोन टोकांना. दोन्ही टोकांना खाली एकेक दार आणि दारातून वर जाणारा एकेक लाकडी जिना. गल्लीवर पुढे पत्र्याची पडवी काढलेली, त्यामुळे खाली उभ्या माणसाला वरच्या खिडक्या दिसतच नव्हत्या.

मी समोरच्या पिठाच्या गिरणीच्या गच्चीवर चढलो. गिरणीवाल्याने शिडी दाखवली आणि स्वतः मात्र खाली पळाला. गच्चीवर मी एकटा. झाकण उघडलं, खाली बघितलं. काचेत सगळं नेहमीसारखं एवढंसं. खाली गल्लीत बंब उभा, त्याच्या पंपाचा घरघराट, तांडेल आणि त्यांची माणसं गोदामाकडे तोंड करून पाइप ओढताहेत. त्यांचं तोंड आणि माझं तोंड एकाच दिशेला होतं. माझं डावं तेच त्यांचं डावं.

तेवढ्यात काचेत, एका खिडकीच्या धुरात, काहीतरी हललं. आधी वाटलं पोतं. मग पोत्याला हात फुटला. एक हमाल दुपारचा माळ्यावर जाऊन झोपला होता, हे नंतर कळलं. त्या वेळी फक्त तो हात दिसला. खिडकीच्या गजांमधून बाहेर आलेला, हवेत काहीतरी शोधणारा.

मी ओरडलो, "माणूस आहे! वर माणूस आहे!"

तांडेलांनी वळून गच्चीकडे बघितलं. "कुठं?"

काचेत तो हात डाव्या टोकाला होता.

"डावीकडे! डावीकडच्या खिडकीत!"

"नक्की का, ग्रॅज्वेट?"

"नक्की! डावीकडे!"

हे सगळं मी काचेत बघत ओरडलो. मान वर केली नाही. मान वर करून बघायला एक क्षण पुरला असता. पण वर आग खऱ्या मापाची होती, माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, आणि मला ती बघायची नव्हती. एवढंच खरं आहे.

तांडेलांनी ओलं गोणपाट डोक्यावर घेतलं, कमरेला दोर बांधला, दोराचं टोक आपल्या एका तरुण फायरमनच्या हातात दिलं आणि डाव्या दारातून आत गेले. मी फिल्म पुढे सरकवली आणि त्या हाताचा फोटो काढला. हो, काढला. आणि तो काढताना हात चौकटीतून निसटत होता म्हणून मी कॅमेरा उलट्या बाजूला वळवला. नेहमीच्या सवयीने. तेव्हा माझ्या हातांना कळलं ते डोक्याला कळलं.

मी मान वर केली.

हात उजव्या खिडकीत होता. डावी खिडकी मोकळी होती. तिच्यातून नुसता धूर येत होता, आणि आत लाल.

त्या वेळी मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी ओरडलो, "उजवीकडे! तांडेल, उजवीकडे!" पण तो आवाज मलाच आला नाही. खाली पंप चालू होता, गर्दीचा गलका होता, आणि ज्याला ऐकू जायला हवं तो आत गेला होता. मी शिडीवरून उतरलो की पडलो, माहीत नाही. गुडघा फुटलेला नंतर दिसला. गर्दीतून वाट काढत डाव्या दाराशी पोचलो. तो तरुण फायरमन दोर धरून उभा होता. दोर हळूहळू आत सरकत होता.

"त्यांना बाहेर बोलवा! माणूस त्या बाजूला आहे, तिकडे!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, तुम्हीच तर आत्ता डावीकडं सांगितलं."

"मी चुकलो! चुकलो मी! ओढा दोर!"

"असा कसा ओढू? ते जिन्यावर आसतील, पडतील की."

हे बोलणं चालू असतानाच आत काहीतरी बसलं. दुसरा शब्द नाही. थप्पी बसली, तिच्याबरोबर माळ्याचा तुकडा बसला, आणि दारातून धूर असा बाहेर आला, जणू कुणी तोंडावर गरम घोंगडी टाकली. आम्ही दोघेही मागे पडलो. उठलो तर दोर त्याच्या हातात होता. पण सैल.

सैल दोर मी तोपर्यंत बघितला नव्हता. मला तो अजून दिसतो. जमिनीवर पडलेला, भिजलेला, कुठलाच ताण नसलेला.

मी त्या वेळी मनात एकच हिशोब करत होतो: मी माणूस मारला. पुढची सगळी वाक्यं मला दिसायला लागली. त्यांच्या बायकोला कोण सांगणार, माझ्या वडिलांना काय सांगणार. माझं ओरडणं ऐकून दुसरे दोघे फायरमन तोवर उजवीकडे धावले होते. पडवीचा पत्रा उचकटून त्यांनी शिडी लावली, गज वाकवले आणि हमालाला खाली घेतलं. तो खोकत होता, शिव्या देत होता, म्हणजे जिवंत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, "तुम्हीच बघितलं ना ह्याला? शाब्बास!" मी त्याचा हात झटकून दोराकडे वळलो.

आम्ही तिघा-चौघांनी दोर ओढला. थोडा आला आणि अडकला. परत ओढला. मग आतून कुणीतरी ओढल्यासारखं वाटलं. तरुण फायरमन तोंडाला ओलं फडकं बांधून आत घुसला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. तो तांडेलांना काखेत धरून, मागे मागे सरत बाहेर आला. तांडेलांच्या डोक्यावर टोप नव्हता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. डोळे उघडे होते, पण कुणाकडे बघत नव्हते.

संध्याकाळी मित्र सिन्नरहून परतला. मी स्टुडिओच्या पायरीवर बसलो होतो. त्याला काही सांगितलं नाही, रोल हातात दिला. तो डार्करूममध्ये गेला. मी तिथेही त्याच्या मागे उभा राहिलो, एकटं बसवत नव्हतं म्हणून. लाल दिव्याखाली कागदावर हळूहळू गोदाम उमटलं. मग खिडकी. मग हात.

मित्र म्हणाला, "जबरदस्त." मग थांबला. गर्दीतलं बोलणं वाटेत त्याच्या कानावर आलं होतं. "अरे, पण हा तर उजवीकडे आहे. तू डावीकडे ओरडलास म्हणतात."

त्याला कळलं. तो माझ्यापेक्षा हुशार होता, नुसतं शिकला नव्हता. "काचेत बघून ओरडलास?"

"हो."

तो बराच वेळ त्या कागदाशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, "निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट मारू का? माणूस डावीकडे येईल."

"आणि पडवीवरची गोदामाच्या नावाची पाटी?"

"हां. अक्षरं उलटी येतील." तो हसला नाही. मीही नाही. पण खोटं कशाला बोलू, दोन क्षण मी त्या पाटीच्या जागी काळं करता येईल का, याचा विचार केला होता.

दोन दिवस मी दवाखान्यात गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी तो तरुण फायरमन ऑफिसात आला. "तांडेलांनी बोलावलंय. कागद-पेन घिऊन."

सरकारी दवाखान्यातल्या खाटेवर ते उशाला टेकून बसले होते. उजवा हात बँडेजमध्ये. आवाज गेला होता, नुसती घरघर. तो आवाज ऐकून मला बसवेना. त्यांची बायको खाली सतरंजीवर बसली होती. ती म्हणाली, "बसा भाऊ, उभं काय ऱ्हायले? त्यांनी लय आठवण काढली तुमची."

तांडेल म्हणाले, "साहेबाला जबाब पायजे. का रं बाबा, माणूस उजव्या बाजूला आन् तू डाव्या जिन्यानं का गेला. वरची जागा मोकळी व्हायलीय, माझं नाव हाय तिच्यासाठी. तव्हा जरा बेतानं लिही." आणि सांगायला लागले. "धूर जास्ती असल्याकारणानं माझा अंदाज चुकला. लिही."

"अंदाज तुमचा चुकला नाही."

"ते मला ठावं हाय. पर तुझं नाव कशाला? तू सरकारी मानूस, हापिस सोडून आल्याला. आन् बाहेरच्या मानसाला बंबाजवळ उभं केलं म्हणून मलाच बोलतील. धुरात चुकतं मानूस. लिही."

त्यांना वाटत होतं मी धुरामुळे चुकलो. मी पिशवीतून कॅमेरा काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला, झाकण उघडलं. "बघा आत. आता डावा हात समोर धरून हलवा." त्यांनी आत बघून बोटं हलवली. परत हलवली. मग घरघर करत हसायला लागले आणि खोकल्याने लालबुंद झाले. "आयला! हा डबाच उलटा! आगं ए, बघ हितं, तुजी सतरंजी त्या अंगाला गेली!"

बायकोने बघितलं नाही. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं.

इथे थांबलो असतो तर भागलं असतं. दोष डब्याचा, विषय संपला. त्यांनी मनाने मला सोडूनही दिलं होतं. पण मी म्हणालो, "तांडेल, डबा उलटा आहे हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. मी मान वर केली नाही. मला आगीकडे बघवत नाही. पहिल्यापासून बघवत नाही. म्हणून मी डब्यात बघतो."

हसणं थांबलं.

"म्हणजे भ्यालास."

"हो."

"आन् मी 'नक्की का' इचारलं, तव्हा?"

"तेव्हाही खालीच बघत होतो."

मला वाटलं आता शिवी येईल. यायला हवी होती. ते म्हणाले, "दुसरं कुनी असतं ना, तर मी आधी शिडी लावून खिडकी बघितली असती. तू म्हणला म्हणून नाय बघितली. म्हटलं, शिकल्यालं मानूस हाय."

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ बोललं आहे. जातीवरून बोललं, कपड्यांवरून बोललं. असं आत कुठलंच लागलं नाही.

मी पहिला कागद फाडला. नव्या कागदावर लिहिलं की समोरच्या गच्चीवरील फोटोग्राफरने डावी बाजू ओरडून सांगितली, त्यावर विसंबून तांडेल डाव्या जिन्याने गेले. खाली माझं स्वतःचं निवेदन लिहिलं, नाव, पत्ता, खातं यांसकट. कॅमेऱ्याच्या काचेवर बाजू उलटी दिसते हे लिहिलं. आणि लिहिलं की भीतीमुळे मी प्रत्यक्ष मान वर करून खात्री केली नाही. मग सगळं त्यांना वाचून दाखवलं.

"ते भीतीचं खोड," ते म्हणाले.

"का? खरं आहे ते."

"खरं हाय. पर जबाबात भीती लिहीत नाहीत. आमी लिहाया लागलो तर सरकारला कागद पुरायचा नाय."

मी खोडलं नाही. त्यांचं न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. परिचारकाने शाईचा पॅड आणला, अंगठा घ्यायला. तांडेलांनी मान हलवली, पेन मागितलं आणि डाव्या हाताने सही करायला बसले. आडवीतिडवी, एकेक अक्षर थांबत. बायकोने तो शाईचा पॅड हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. पाच मिनिटं लागली. घाम आला त्यांना. पण सहीच केली.

त्यांच्या साहेबांनी माझ्यासमोर कागद वाचला. 'भीतीमुळे' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, "उद्यापासून तुम्ही बंबाच्या आसपास दिसायचं नाही." माझ्या ऑफिसात मेमो आला, एक वेतनवाढ वर्षभर पुढे गेली. तांडेलांना वरची जागा मिळाली, पण छाती पूर्ववत झाली नाही. त्यांना केंद्रातच, आगीची वर्दी घ्यायला, टेलिफोनच्या खोलीत बसवलं. फायरमनांनी माझ्याकडे अर्ज आणणं बंद केलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, आपोआप बंद झालं. कॅमेरा मी मित्राला परत केला. तो पुढे बरीच वर्षं आगी काढत राहिला, एकटाच.

मी ऑफिसात बसायचो आणि रस्त्यावरून घंटा जायची. हेडक्लार्क मान वर करून माझ्याकडे बघायचे. मी खुर्चीतून उठायचो नाही. पण फाइलमधली तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. पूर्वी भीती आगीजवळ गेल्यावर वाटायची, आता ती घंटेबरोबर टेबलावर येऊन बसायची. कारण बंब जाताना घंटा वाजवतात, येताना वाजवत नाहीत. गेले ते सगळे परत आले का, हे खुर्चीत बसून कळायला मार्ग नसतो.

म्हणून ज्या दिवशी घंटा ऐकू येई, त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी केंद्रासमोरच्या टपरीवर जायचो. रस्त्याच्या अलीकडे, बंदीत न बसणाऱ्या बाजूला. चहा घ्यायचो आणि दारात वाळत घातलेले टोप मोजायचो. मग आतल्या आवारात फिरणारी माणसं मोजायचो. बंब आला नसेल तर तो येईपर्यंत बसायचो.

पहिले काही महिने तांडेलांनी मला बघूनही न बघितल्यासारखं केलं. मग एका संध्याकाळी टेलिफोनच्या खोलीची खिडकी उघडली आणि त्या घोगऱ्या आवाजात, रस्त्यापलीकडून जेमतेम ऐकू येईल असं, ते म्हणाले, "काय मोजतो रं ग्रॅज्वेट? सगळे आलेत. जा घरी."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, हो म्हणालो. आणि ते खिडकीतून बाजूला झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजलं.